आधीचा बॉल कुठे पडला, सांगा बघू

परवा ऑफिसातल्या एका मुलाने विचारलं, सर तुम्ही रविवारी सकाळी तासभर एकटे उभे राहून गोल्फचे बॉल मारता, मन लागतं का हो इतका वेळ, मी तर पाच मिनिटांत मोबाइल काढेन. मी घाईत होतो, लिफ्ट आली होती, लागतं रे म्हणून निघालो. पण कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरमध्ये बसलो तरी तोच प्रश्न डोक्यात, कारण खरं उत्तर असं आहे की लागत नव्हतं. चांगली दोन वर्षं लागत नव्हतं. आता लागतं, आणि ते कशामुळे हे मी कुणाला नीट सांगितलेलंच नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

गोल्फ माझ्याकडे कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो, लग्नानंतर चेंबूरला आलो. चेंबूरमध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, 1927 सालचा, त्याच्या कंपाउंडवरून मी वर्षानुवर्षं रिक्षाने गेलोय, आत हिरवं दिसायचं तेवढाच संबंध. मग 7 ऑगस्ट 2021, शनिवार, टोकियो ऑलिंपिक. त्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं म्हणून सगळ्यांना तो दिवस लक्षात आहे, पण आमच्या घरी सकाळपासून टीव्हीवर अदिती अशोक होती. बायको, मुलगी, सासूबाई, कुणालाच बर्डी-बोगी काही कळत नव्हतं, आणि तरी चहा गार होईपर्यंत सगळे बघत बसलेले. मध्ये वादळाने खेळ थांबला, परत सुरू झाला, आणि एका स्ट्रोकने, म्हणजे एका फटक्याने, पदक हुकून ती चौथी आली. तिची बॅग उचलायला, म्हणजे कॅडी म्हणून, तिची आई होती. बाकीच्यांचे ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचे लांब फटके, तिच्यापेक्षा कितीतरी लांब जात होते, आणि ही मात्र प्रत्येक पटला, म्हणजे बॉल होलमध्ये घालायच्या हलक्या फटक्याला, तितक्याच शांतपणे उभी राहत होती, पहिल्या होलला तशीच शेवटच्या होलला. मला गोल्फ नाही, ते उभं राहणं आवडलं. असं आपल्याला जमेल का हे बघायचं होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन मानेही खेळला होता, म्हणजे अगदी परक्या जगातलं काही नाही असंही वाटलं.

ऑफिसातले एक सीनियर खेळायचे, त्यांच्याबरोबर पहिल्यांदा रेंजवर, म्हणजे नुसते बॉल मारायचा सराव करतात तिथे, गेलो. खारघरला सिडकोचं कोर्स आहे, पांडवकडा धबधब्याच्या बाजूला, तिथे क्लबची मेंबरशिप नसली तरी पैसे भरून खेळता येतं हे मला तेव्हाच कळलं. जुनी सेव्हन आयर्न घेतली, म्हणजे मधल्या अंतराची क्लब, बॉल मारायची काठी, मग हळूहळू बाकीचं आलं.

आणि मग सुरू झाली माझी प्रॅक्टिस, म्हणजे जिला मी प्रॅक्टिस म्हणत होतो ती. शंभर बॉलची बकेट घ्यायची आणि मारत सुटायचं, एक बॉल वाकडा गेला की लगेच पायाने दुसरा ओढायचा, तोही वाकडा गेला की तिसरा आणखी जोरात. शंभर बॉल पस्तीस मिनिटांत संपायचे. हिशोब केला तर एका बॉलला एकवीस सेकंद, त्यात वाकून बॉल ठेवणं आलं, घाम पुसणं आलं. डोक्यात काय चालू असायचं तर सोमवारचं रिव्ह्यू, सोसायटीचा पाण्याचा टँकर, मुलीची फी, आणि शेजारच्या बेमधला, म्हणजे बाजूच्या जागेवरचा, माणूस आपल्यापेक्षा लांब मारतोय हे. हात चालू आणि मी दुसरीकडेच. शेवटच्या दहा-पंधरा बॉलमध्ये दोन-तीन छान लागले की समाधान, आज जमलं. आणि कोर्सवर गेलो की पहिल्याच टीवरून, म्हणजे होल जिथून सुरू होतं तिथूनच, स्लाइस, बॉल बाजूला वळून झाडीत. हे कितीतरी महिने चाललं. मला वाटायचं स्विंगमध्ये दोष आहे, व्हिडिओ बघायचो, ग्रिप बदलायचो, परत तेच.

मग कोच भेटले. सगळे त्यांना दादा म्हणतात. दादा पूर्वी कॅडी होते, चेंबूरच्याच वस्तीतले. लोखंडी सळई वाकवून तिची क्लब करायची आणि गल्लीत घरांच्या मधून खेळायचं, असं त्यांचं लहानपण, आणि त्या गल्लीत बॉल जरा इकडे-तिकडे गेला की कुणाच्या तरी पत्र्यावर आदळणार, त्यामुळे प्रत्येक फटका नीट बघून मारायची सवय त्यांना तेव्हापासूनची. पहिल्या दिवशी त्यांनी माझे दहा-बारा बॉल नुसते बघितले. काही बोलले नाहीत. मला वाटलं आता कोपर सांगतील, खांदा सांगतील. ते म्हणाले, "साहेब, आत्ता मारला त्याच्या आधीचा बॉल कुठे पडला, सांगा बघू."

मला सांगता येईना.

"बरं, त्याच्या आधीचा?"

तोही नाही. मोजून अर्ध्या मिनिटापूर्वी मी स्वतःच्या हाताने मारलेला बॉल आणि तो डावीकडे गेला की उजवीकडे, उंच गेला की जमिनीलगत, काही म्हणजे काही आठवेना. मी अक्षरशः तिथे नव्हतोच. दादा रागावले वगैरे नाहीत, त्यांनी माझ्या बकेटमधले साठ बॉल काढून बाजूला ठेवले आणि म्हणाले आज एवढेच, चाळीस, आणि प्रत्येकाचा पत्ता मला सांगायचा. मारायच्या आधी एकदा, कुठे जाणार ते. मारल्यावर एकदा, कुठे गेला ते.

चाळीस बॉलना तासापेक्षा जरा जास्तच वेळ लागला आणि घरी आलो तेव्हा मी शंभर बॉलनंतर कधी दमलो नव्हतो इतका दमलो होतो, हाताने नाही, डोक्याने.

इथे मला एक गोष्ट सांगायचीय जी खरंतर माझ्या फार आधी लक्षात यायला हवी होती. मी आठवी ते बारावी तबला शिकलो. आमचे सर मुगभाटात राहायचे, दोन खोल्या, एका खोलीत शिकवणी. त्यांचा नियम असा की बोल आधी तोंडाने म्हणायचा. हातावर टाळी देत पूर्ण कायदा, म्हणजे तबल्याची एक रचना, म्हणून दाखवायचा, पढंत नीट झाली तरच तबल्याला हात लावायचा. तोंडात अडखळलं की ते म्हणायचे, "अरे, जे तोंडात नाही ते बोटात कुठून येणार? परत म्हण." तेव्हा कंटाळा यायचा, बोटं शिवशिवत असायची. आणि दादांनी जेव्हा मारायच्या आधी पत्ता सांगा म्हटलं तेव्हा मला एकदम ती खोली आठवली, ती टाळी आठवली. तेच आहे हे! पढंतच आहे. जॅक निकलाऊस, अठरा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेला माणूस, त्यानेही हेच सांगून ठेवलंय की डोक्यात स्वच्छ चित्र दिसल्याशिवाय तो बॉल मारायचाच नाही, आणि प्रॅक्टिसमध्येसुद्धा नाही. आधी बॉल कुठे जाऊन थांबलाय ते, मग तो हवेतून तिथे कसा गेला ते, मग आपला स्विंग. म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. आणि दीडशे-दोनशे यार्डांवरच्या झेंड्याकडे नेम धरायच्याऐवजी त्याच रेषेत बॉलच्या पुढे दोन-चार फुटांवर एखादं पान, एखादा डाग बघून ठेवायचा, त्यावरून बॉल न्यायचा. हे मी रेंजवर केलं आणि मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण नजरेला जवळचं काहीतरी पकडायला मिळालं की मन भटकायचं निम्मं कमी होतं.

लक्ष देण्याबद्दल माझी समजूतच चुकीची होती. मला वाटायचं लक्ष म्हणजे श्वास रोखून धरल्यासारखं तासभर धरून ठेवायची गोष्ट, आणि सुटलं की आपण कमी पडलो. असं कुणालाच जमत नाही. साधा हिशोब बघा, माझ्यासारखा माणूस अठरा होलला शंभरेक फटके मारतो, एका स्विंगला फार तर सव्वा-दीड सेकंद, म्हणजे चार-साडेचार तासांच्या खेळात प्रत्यक्ष मारणं अडीच मिनिटांचं. बाकी सगळं चालणं आहे, थांबणं आहे, गप्पा आहेत. मग चार तास मूठ आवळून कशाला राहायचं? लक्ष चालू करता यायला पाहिजे आणि तितक्याच सहज बंदही करता यायला पाहिजे, आणि रेंजवर नेमकी हीच प्रॅक्टिस मी कधी केली नव्हती कारण मी दोन बॉलच्या मध्ये बंद होतच नव्हतो, अर्धवट चालू, शंभर बॉल.

पिया निल्सन आणि लिन मॅरियट म्हणून दोन गोल्फ कोच आहेत, त्यांची एक पद्धत मला फार उपयोगी पडली. बॉलच्या मागे मनातल्या मनात एक रेघ. रेघेच्या मागे उभं राहून काय तो विचार करायचा, वारा, अंतर, कुठली क्लब, कुठे मारायचं. रेघ ओलांडली की विचार बंद, फक्त मारायचं. मी मनातली रेघ ठेवत नाही, खरी एक क्लब आडवी टाकतो मॅटच्या, म्हणजे ज्या खोट्या गवताच्या तुकड्यावरून बॉल मारतात त्याच्या, मागे. ती ओलांडताना पायाला कळतं. आणि रेघ ओलांडल्यावर ऑफिस डोक्यात आलं तर मी मारत नाही, परत मागे येतो, परत पत्ता, परत ओलांडतो. सुरुवातीला एकेका बॉलला तीन-तीनदा मागे यावं लागायचं, मागचे लोक बघायचे. बघू देत. मला वाटतं सगळ्या प्रॅक्टिसमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही मागे येण्याचीच आहे, कारण मन भटकलंय हे आपल्याला मारायच्या आधी कळलं.

रेघ ओलांडल्यावर डोक्यात काहीच नको म्हणतात पण डोकं रिकामं राहत नाही हो. तिथे मला तबल्याने वाचवलं. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब वर जायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ती खाली बॉलपर्यंत येते, तीनास एक. हे कळलं तेव्हा मी रिक्षात होतो आणि मांडीवर बोटं आपोआप चालू झाली. तीनताल! पहिल्या धाला क्लब निघाली, धा धिं धिं धा, चौथ्या मात्रेला वर पोचली, आणि पाचव्या मात्रेला, दुसऱ्या विभागाच्या धाला, बॉल. पहिल्या मात्रेपासून चौथीपर्यंत तीन मात्रांचं अंतर, चौथीपासून पाचवीला एक. अगदी बरोब्बर बसतं. लय मात्र द्रुत पाहिजे, सेकंदाला चार मात्रा, सरांकडे असं वाजवायला मला वर्ष लागलं होतं. आता मी मॅटवर मनात तोच ठेका धरतो, जरा ओठ हलतात, आणि तेवढ्या एका सेकंदात टँकर, फी, रिव्ह्यू काही शिरायला जागाच राहत नाही. तुम्हाला तबला येत नसेल तर तुम्ही काहीही घ्या, आरतीची ओळ घ्या, पण ठेका आपल्या अंगात आधीपासून मुरलेला पाहिजे, नवीन शिकून उपयोग नाही.

अजून एक, हे माझ्या स्वभावाच्या उलट होतं म्हणून करायला जड गेलं. एकच क्लब घेऊन तीस बॉल मारायचे नाहीत. सेव्हन आयर्न, मग जवळच्या फटक्याची वेज, मग सगळ्यात लांबच्या फटक्याची ड्रायव्हर, परत वेज, प्रत्येक वेळी निशाण वेगळं. असं केलं की रेंजवर बॉल वाईट जातात, खरंच वाईट जातात, लय लागतेय असं वाटेपर्यंत क्लब बदलायची वेळ येते. पण 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता, गोल्फवर नाही, हाताच्या साध्या हालचालींवर, त्यात एकच हालचाल सलग करणारे सरावात पुढे होते आणि मिसळून सराव करणारे मागे, पण दहा दिवसांनी परत घेतलं तेव्हा मिसळून करणाऱ्यांच्या हातात ते जास्त टिकलं होतं. लक्षाच्या बाजूने बघितलं तरी पटतं, तोच बॉल तोच नेम तिसाव्यांदा आला की हात स्वतःच मारतो, तुमची गरजच उरत नाही, मग मन जाणारच ना भटकायला. निशाण बदललं की परत हजर राहावं लागतं. आता मी मनात अख्खं होल खेळतो, ड्रायव्हर मारला, कुठे पडला त्यावरून पुढची क्लब, मग वेज. कोर्सवर पहिल्या टीला उभं राहिल्यावर जी धडधड व्हायची ती यामुळे कमी झाली, कारण तिथेही एकच बॉल असतो आणि रेंजवरही आता माझ्यासाठी एकच असतो.

मॅटबद्दल सांगायला पाहिजे कारण मुंबईत बहुतेकांना मॅटवरच मारावं लागतं. मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागली तर गवतावर ती रुतते, बॉल वीस यार्डांवर पडतो, आणि मॅटवर तीच क्लब घसरून बॉलला लागते आणि बॉल बऱ्यापैकी जातो. म्हणजे डोळ्याला फटका बरा दिसतो. मी म्हणून आवाज ऐकतो. आधी बॉल लागला तर टणक, कोरडा आवाज, आधी मॅट लागली तर धप्प. तबल्याच्या शाईने आणि चाटीने, म्हणजे मधल्या काळ्या भागाच्या आणि कडेच्या आवाजाने, ज्याचा कान तयार झालाय त्याला हा फरक सांगावा लागत नाही. आणि ऐकायला लागलो तेव्हापासून हायवेचे हॉर्न, वरून जाणारं विमान, कावळे, यांचा त्रास कमी झाला, कारण कान कामाला लागलेले असतात.

मोबाइल बॅगेत तळाला, बंद. सायलेंट नाही, बंद. एकदा बकेटच्या मध्यावर ऑफिसचा मेसेज बघितला, नुसता बघितला, उत्तरसुद्धा दिलं नाही, आणि पुढचे पंधरा बॉल माझे नव्हतेच. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांना माहीत आहे.

चाळीस बॉल हा आकडा काही पवित्र नाही. काही दिवशी पंचविसाव्याला कळतं की पत्ता सांगता येतोय पण दिसत नाहीये, नुसता तोंडाने म्हणतोय. मग थांबायचं, पाणी प्यायचं, डोंगराकडे बघत बसायचं पाच मिनिटं. परत दिसलं तर मारायचं, नाहीतर उरलेले बॉल तिथेच ठेवून निघायचं. पैसे भरलेले बॉल सोडून जाणं माझ्यातल्या गिरगावकराला फार जीवावर येतं, अजूनही येतं. पण मन नसताना मारलेला बॉल नुसता वाया जात नाही, तो मन नसताना मारायची सवय पक्की करतो, आणि सर म्हणायचेच की चुकीचा बोल हातात एकदा बसला की तो काढायला दुप्पट दिवस लागतात.

आता पावसाळा आहे. रेंजवर पाणी साचलंय, दोन रविवार गेलोच नाही. घरी हॉलमध्ये सोफा सरकवून चटई टाकतो आणि पटिंग करतो, दहा बॉल फक्त, स्टीलची वाटी आडवी ठेवून. खऱ्या होलचा व्यास सव्वाचार इंच, वाटी त्याहून लहान आहे, बरंच आहे ते. पटिंगमध्ये मी एकच गोष्ट करतो, नजरेची. कॅनडात कॅलगरी युनिव्हर्सिटीच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांचा अभ्यास केलाय, त्यात दिसलं की चांगले पट मारणारे बॉलवर एकाच ठिकाणी दोन-तीन सेकंद नजर स्थिर ठेवतात आणि बॉल निघून गेल्यावरही क्षणभर नजर तिथेच, रिकाम्या जागेवर ठेवतात. कच्च्या खेळाडूची नजर बॉल, पटर, होल अशी उडत राहते. माझीही उडायची. बॉल गेल्यावर मान वर न करता चटईची ती काडी बघत राहणं फार अवघड आहे, करून बघा, सगळं अंग म्हणतं बघ ना गेला का.

मुलगी दहावीला आहे, जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत बसते, मी तिच्या मागे चटईवर. परवा रात्री बाहेर मुसळधार पाऊस, खिडकीच्या पत्र्यावर इतका आवाज की मला बॉल वाटीला लागल्याचंही ऐकू येत नव्हतं. सहावा का सातवा बॉल मारला, नजर खाली ठेवली, आणि तिने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "बाबा, आधीचा कुठे गेला?"

"डावीकडून. दोन बोटं."

"आणि त्याच्या आधीचा?"

"वाटीत."

"बरं," म्हणाली, आणि पान उलटलं. मी पुढचा बॉल ठेवला.